साइटचा डेटाबेस, मायएसक्यूएल, सारखा सारखा बंद पडतोय? आधी दोन आकडे बघा

शाहूपुरीतल्या एका गूळवाल्याची साइट मी सांभाळतो, सीझन सुरू झाला की दुपारी डेटाबेस बंद, रीस्टार्ट केला की चालू, तासाभरात परत आडवा. मायएसक्यूएलच्या एरर लॉगमध्ये काय सापडंना, कारण त्याला बाहेरनं मारलेलं असतंय. भावांनो, तिथं शोधत बसू नका, डीमेसेज ही कमांड चालवून कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग बघा, 'आऊट ऑफ मेमरी' दिसलं की समजायचं ओओएम किलरचं काम, म्हणजे रॅम संपली की लिनक्स स्वतःच एखादा प्रोग्राम मारतंय.

भांडण सेटिंगच्या दोन फायलींचं होतं. सर्व्हरला रॅम ४ जीबी, मायएसक्यूएलच्या इनोडीबी बफर पूलला (डेटा रॅममध्ये धरून ठेवायची जागा) ३ जीबी दिलेली, आणि तिकडं साइटची पानं बनवणाऱ्या पीएचपी एफपीएमचे मॅक्स चिल्ड्रन (एकावेळी जास्तीत जास्त किती प्रोसेस चालवायच्या) ५०, एकेक साधारण ६० एमबी खातोय म्हणजे तेही ३ जीबीच झालं की, दोन्ही मिळून ६! एकेकटी सेटिंग बघितली तर बरोबरच वाटते, म्हणून तर फसायला होतंय. गिऱ्हाईक कमी असलं की निभतंय, गर्दी झाली की मरतंय.

मी बफर पूल १ जीबी केला, चिल्ड्रन २०, दोन्ही सर्व्हिस रीस्टार्ट. बदलायच्या आधी जुन्या फायलींची कॉपी ठेवा बरं का. आणि स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वाढवून वेळ मारून नेऊ नका, साइट नुसती रांगते.