16 तासांची विश्रांती, 5 तासांची झोप : नव्या एएलपींसाठी

आठ तास किंवा त्याहून जास्त ड्यूटी करून हेडक्वार्टरला, म्हणजे आपल्या नेमणुकीच्या मूळ स्टेशनला, परतलं की 16 तास विश्रांती मिळते, हे ट्रेनिंग स्कूलमध्ये कळलं की नव्या सहायक लोको पायलटला (एएलपी, म्हणजे इंजिनात मुख्य चालकाच्या जोडीला असणारा) हायसं वाटतं. पण जरा हिशेब मांडून बघा. भुसावळला सकाळी साडेसातला साइन ऑफ केलं, म्हणजे ड्यूटी संपवून सही केली, तर विश्रांती संपते रात्री साडेअकराला. बहुतेक ठिकाणी पुढच्या ड्यूटीचा कॉल त्याच्या दोन तास आधीच वाजतो. घरी पोचून आंघोळ-नाश्ता होईस्तोवर नऊ. मे महिन्यात कूलर लावूनही दुपारी एक-दोनला घामानं जाग येते, तेवढ्यात दारावर कुरिअरवाला. मग दिवसभर बाजार, बँक, मुलांचा अभ्यास. पहाटे पाचला सिग्नल बघताना तुम्ही पंधरा-सोळा तास जागे असता. नियम मोडलेला नसतो आणि रजिस्टरमध्ये विश्रांती पूर्ण दिसते.

डॉसन आणि रीड या संशोधकांनी 1997 साली दाखवलं, की सलग 17 तास जागा असलेला माणूस हात-डोळ्यांच्या चाचणीत रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखा वागतो. लॉबीतला, म्हणजे ड्यूटीची हजेरी लावायच्या ऑफिसातला, ब्रेथ अ‍ॅनालायझर दारू पकडतो, जागरण पकडत नाही. ते तुमचं तुम्हालाच मोजावं लागतं.

मी जे करतो ते सांगतो. रात्रपाळीहून आल्यावर एका दमात सगळी झोप काढायचा हट्ट धरत नाही. आल्या आल्या तीनेक तास, आणि दुपारी दोननंतर पुन्हा आडवं व्हायचं. ही दुसरी झोप कामाची, कारण रात्रीच्या गाडीला तीच पुरते. संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान झोपू म्हणाल तर शरीर ऐकत नाही. त्या वेळी ते सगळ्यात जागं असतं. नेमकी हीच अडचण पहाटे तीन-चारच्या साइन ऑनला, म्हणजे ड्यूटीवर हजर होताना, येते. रात्री आठला अंथरुणात पडता, पण डोळा लागतो अकराला. पूर्ण रात्रपाळीपेक्षा मला ही पहाटेची ड्यूटी जड जाते, आणि नवी मुलं मात्र ती सोपी समजून मागून घेतात.

सुरुवातीची वर्षं तुमची मालगाडीवर जातील. तिथं लिंक, म्हणजे आधी ठरलेलं ड्यूटीचं वेळापत्रक, नाही. कॉल येईल तेव्हा निघायचं. मेल-एक्स्प्रेसला, पॅसेंजरला लिंक असते, म्हणजे पुढच्या आठवड्यात कोणत्या रात्री जागायचं ते आधीच कळतं. लिंक हातात आली की आधी घरच्यांना दाखवा. लग्नकार्य, पाहुणे, गॅस सिलिंडर, सगळं त्या कागदाभोवती बसवावं लागतं. महिन्याला 30 तासांचे चार किंवा 22 तासांचे पाच रेस्ट मिळतात, आणि प्रत्येकात एक पूर्ण रात्र धरलेली असते. ती रात्र घरीच झोपून काढा, जागरण-गोंधळाला देऊ नका. (16 तासांची विश्रांती या 30 तासांत धरायची की वेगळी, हा संघटनांचा जुना वाद आहे. माझं मत : वेगळी.)

मुंबईच्या मोटरमनचा थकवा निराळा. कॅबमध्ये तो एकटा, शेजारी बोलायला कोणी नाही, दर दोन-तीन मिनिटांनी स्टेशन, हात डेड मॅन हँडलवर (हात सुटला की ब्रेक लावणारा दांडा). तिथं डुलकीपेक्षा लक्ष पातळ होण्याची भीती जास्त.

आपल्या इंजिनात व्हीसीडी असतो, म्हणजे चालक जागा आहे का ते तपासणारं यंत्र. साधारण 60 सेकंद काहीच हालचाल झाली नाही, तर आधी दिवा, मग बझर, मग ब्रेक. त्यावर विसंबू नका. अर्धवट झोपेतला माणूससुद्धा सवयीनं बटण दाबतो. त्यापेक्षा जोडीदाराचा आवाज ऐका. सिग्नल पुकारताना उत्तर उशिरा आलं, शेवटचं अक्षर गिळलं गेलं, की समजा. एएलपीनं उठून उभं राहावं, खिडकी उघडावी, साहेबांना, म्हणजे लोको पायलटला, बोलतं करावं. वयानं मोठे आहेत म्हणून गप्प बसू नका. त्यानंही भागलं नाही तर कंट्रोलला (गाड्या चालवणाऱ्या नियंत्रण कक्षाला) सांगायचं, पुढचं स्टेशन त्यासाठीच आहे.

चहाबद्दल थोडंसं. कॅफीनचा अर्धा असर पाच-सहा तास टिकतो, म्हणून सकाळी उतरणार असाल तर पहाटे तीननंतरचा चहा टाळा. रनिंग रूममध्ये (बाहेरगावी चालकांनी विश्रांती घ्यायची जागा) उठवल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं डोकं चालत नाही; तोंड धुवून, चार पावलं चालून मगच लॉबीकडे निघा.

आणि घोरत असाल तर तपासून घ्या. 1 डिसेंबर 2013 ला न्यूयॉर्कमध्ये स्पायटन डायव्हिलच्या वळणावर मेट्रो-नॉर्थची गाडी रुळांवरून उतरली. ताशी 48 किलोमीटरच्या वळणावर वेग होता 132. चार प्रवासी गेले. चालकाची पाळी दोनच आठवड्यांपूर्वी दुपारवरून पहाटेवर आली होती आणि त्याला स्लीप अ‍ॅप्नियाही होता, झोपेत श्वास अडकण्याचा हा आजार आधी कुणाच्या ध्यानात आला नव्हता. आपल्याकडे मेडिकलमध्ये हे सांगायला लोक कचरतात, कारण लाइनवरून उतरवलं, म्हणजे गाडी चालवणं बंद केलं, तर किलोमीटर भत्ता जातो. घर त्या भत्त्यावर चालत असतं, हे मला माहीत आहे. तरी सांगा. आजार ओळखला गेला तर उपचार आहेत; रात्री मास्क लावून झोपण्याचं मशीन येतं, त्यानं पुष्कळांना फरक पडतो.