स्ट्रॉबेरी चिखलदऱ्याची की महाबळेश्वरची? तपासताना या चुका टाळा

थंडी पडली की नागपूरच्या सीताबर्डीवर स्ट्रॉबेरीच्या हातगाड्या लागतात. पेटीवर महाबळेश्वर छापलेलं, विकणारा सांगतो चिखलदरा. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० पासून भौगोलिक मानांकन आहे, म्हणून नावाला भाव येतो. (वनस्पतिशास्त्रात स्ट्रॉबेरी ‘बेरी’ नाहीच, आपलं संत्रं मात्र आहे. असो.) फळाच्या रसायनावरून मुलूख ओळखता येतो, पण घोळ पहिल्याच दिवशी होतो.

आमच्याकडे एका विद्यार्थ्याने फळं नळाखाली धुतली आणि स्टीलच्या सुरीने चिरली. घरची सवय! नळाच्या पाण्यात कॅल्शियम-स्ट्रॉन्शियम असतंच, सुरीतून लोखंड, क्रोमियम, निकेल उतरतं. न धुवावं तर बियांच्या खळग्यांत अडकलेली माती मोजली जाते. अतिशुद्ध पाणी, सिरॅमिक सुरी आणि आम्लाने धुतलेल्या प्लास्टिकच्या नळ्या वापरा. ऑक्सिजनच्या समस्थानिकांसाठी (म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड प्रकारांसाठी) नमुना वेगळा काढा, बूच घट्ट लावा आणि लगेच गोठवा. फळ सुकलं की हलका ऑक्सिजन आधी उडतो, आणि डोंगरावरचं फळ आकड्यांत सखल भागातलं वाटू लागतं.

स्ट्रॉन्शियमवर आंधळा भरवसा ही मोठी चूक. त्याच्या ८७ आणि ८६ या समस्थानिकांचं प्रमाण खडकातून मातीत, मातीतून फळात जवळपास तसंच येतं, हे खरं. पण चिखलदरा आणि महाबळेश्वर दोन्ही दख्खनच्या बेसाल्टवर बसलेत! भंडारा-गोंदियाकडच्या जुन्या ‘नाइस’ (gneiss) नावाच्या खडकावरचं फळ यातून वेगळं काढता येईल, ही जोडी सहजी सुटणार नाही. पाण्याचंही तेच. उंचीत फरक अवघा अडीचशे मीटरच्या आसपास. दर शंभर मीटर चढलं की पावसाच्या पाण्यातला जड ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजन-१८, हजारी ०.२-०.३ने घटतो, म्हणजे हाती येतं जेमतेम अर्ध्या-पाऊण एककाचं अंतर. त्यात हे पीक हिवाळ्यातलं, थेट पावसावर नव्हे तर ठिबकवर वाढलेलं. तेव्हा शेतावर गेलात की विहिरीच्या पाण्याची बाटलीही भरून आणा आणि खत कोणतं टाकलं ते विचारा, सुपर फॉस्फेट स्वतःचं स्ट्रॉन्शियम घेऊन येतं. महाबळेश्वरची जांभ्याची माती आम्लधर्मी, त्यामुळे मँगेनीज, रुबिडियम आणि दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं एकत्र पाहिली तर जास्त आशा.

लाल रंगद्रव्यांवरून गाव सांगू नका. त्यांतून आधी वाण आणि पिकलेपणा कळतो.

संदर्भ नमुने व्यापाऱ्याकडून तर मुळीच नकोत. स्वतः शेतात जाऊन तोडा, दोन-तीन हंगाम. एका वाफ्यातली तीस फळं म्हणजे तीस नमुने नव्हेत, तो एकच नमुना. त्यांतली वीस संगणकाला गाव ओळखायला शिकवायला आणि दहा परीक्षेला ठेवली तर निकाल शंभर टक्के येतो, पण तो फक्त त्या वाफ्यापुरता. शिवाय संगणकाला दोनच गावं शिकवली असतील, तर नाशिकच्या फळालाही तो त्यांपैकीच एक नाव देईल. ‘यांपैकी कुठलंच नाही’ हे उत्तर आधीच त्यात ठेवा, आणि अहवालात ‘महाबळेश्वरचीच आहे’ऐवजी ‘महाबळेश्वरच्या नमुन्यांशी जुळते’ असं लिहा.