किलोचं मटण अर्ध्यावर आणायचं तर

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात रविवारचं मटण बंद करा म्हटलं तर कुणी ऐकणार नाही. गरजही नाही. वार तोच, रस्सा तोच. वजन तेवढं कमी करा.

पाच माणसांना किलोभर लागत असेल तर अर्धा किलो मटण आणि पाव किलो अख्खा मसूर घ्या. मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून कुकरला शिजवा. मसूर तासभर भिजवून वेगळ्या पातेल्यात, दाणा अख्खा राहील इतपतच. दोन्ही एकत्र कुकरला लावलं की मसुराचं पिठलं होतं. आता वाटण: कांदा आचेवर थेट भाजून, सुकं खोबरं, तीळ, लसूण, कोथिंबीर. ते तेल सुटेपर्यंत परता, कांदा-लसूण चटणी घाला, मग मटण त्याच्या अळणी पाण्यासकट आणि शेवटी मसूर. मटण कमी म्हणून वाटणातही हात आखडला की रस्सा पुचाट होतो, आणि बोल मसुराला बसतो. मसूर रस्सा ओढतो, म्हणून तांब्याभर पाणी जास्त घाला, तेही उकळतं. गार पाण्याने कट मरतो.

मधल्या वारी चिकन येत असेल तर त्याजागी मोडाचे हुलगे करा. रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्या, नाहीतर पोट फुगतं. पावसाळ्यात मोड यायला जास्त वेळ लागतो. फडकं फार ओलं राहिलं की वास येतो.

सोमवार, गुरुवार, संकष्टी पाळणाऱ्या घरांत त्याला जोडून आणखी एक वार धरणं सोपं. मुस्लिम घरांत डालचा आहेच: चणाडाळ, दुधी आणि चार हाडांचे तुकडे. ख्रिस्ती घरांत उपवासकाळातल्या शुक्रवारपासून सुरुवात करता येते. मजुरीवर चालणाऱ्या घरात पंधरवड्यातून एकदा मटण येतं, तिथे कमी करायचं काही नाही. अंडी, सुकट हाच त्यांचा आधार. आणि शेजारच्या लिंगायत-जैन घराचा दाखला देऊन हे सांगू नका, जेवणावरून जात काढल्यासारखं होतं.

फोडी आधी मोजून वाढा. मटण घटलं की पहिला फटका शेवटी जेवणाऱ्या बायकांना बसतो. कडधान्यातलं लोह अंगी लागायला उसळीवर लिंबू पिळा, चहा तासाभराने घ्या. बी-१२ कडधान्यात नसतं; मांस पूर्ण सोडणाऱ्याने दूध, दही किंवा अंडं रोज खावं.