मृग लागण्याआधी डिझायनर बॅगांची तयारी

ठाणे-नवी मुंबईच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. चामड्याला मानवते ती ४५ ते ५५. सलग काही दिवस ६५-७० च्या वर गेली की बुरशी धरते आणि ४० च्या खाली फार काळ राहिली तर चामडं कोरडं पडून तडकतं. त्यामुळे पहिली खरेदी लेदर क्रीमची नको, कपाटात ठेवायच्या छोट्या डिजिटल हायग्रोमीटरची, म्हणजे आर्द्रता मोजणाऱ्या यंत्राची करा. नंतरची काळजी ब्रँड बघून ठरवू नका. बॅग कोणत्या काळात आणि कशापासून बनली, त्यावर ती ठरते, म्हणून या बॅगांचा इतिहास इथे खरोखर कामाला येतो.

आधी जागा. घोडबंदर रोडच्या उंच इमारती असोत की वाशी-नेरूळची खाडीकडची घरं, पावसाचा मारा झेलणाऱ्या बाहेरच्या भिंतीला ओल येतेच. कपाट त्या भिंतीला चिकटवू नका, मागे तीन-चार इंच हवा खेळू द्या. बॅगा वरच्या किंवा मधल्या कप्प्यात ठेवा. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस सुरू व्हायच्या आत, प्रत्येक बॅग रिकामी करून झटका, एसी ड्राय मोडवर लावलेल्या खोलीत दोन दिवस उघडी ठेवा आणि मगच बंद करा. ओलावा धरलेली बॅग डब्यात कोंडली तर आतच बुरशी वाढते. झाकणाच्या ४० लिटरच्या डब्याला १५०-२०० ग्रॅम सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषणारे दाणे, पुरतं, फक्त त्याच्या पुड्या चामड्याला टेकू देऊ नका. ओलावा धरून नारिंगी दाणे गडद हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तास-दोन तास तापवा, पुन्हा वापरता येतात.

बॅगेत भरायला धुतलेली जुनी मलमल उत्तम. वर्तमानपत्र नको, त्याची शाई अस्तरावर उतरते. डांबरगोळ्याही नकोत, तो वास चामड्यातून वर्षानुवर्षं जात नाही. बॅग प्लॅस्टिकच्या पिशवीत तर कधीच गुंडाळू नका.

लुई व्हिटॉनची स्पीडी ही बॅग १९३० ची. तिचं लहान माप, म्हणजे २५, अभिनेत्री ऑड्री हेपबर्नसाठी बनवलं गेलं. तिच्यावरचा मोनोग्राम, म्हणजे एल-व्ही अक्षरांची नक्षी, त्याहून जुना, १८९६ चा. आजच्या मोनोग्राम स्पीडीचं अंग चामड्याचं नसतं, लेप दिलेल्या सुती कापडाचं असतं. ते ओल्या फडक्याने बिनधास्त पुसा. नाजूक आहेत ते हँडल आणि कडेच्या पट्ट्या. हे गाईचं चामडं जवळजवळ प्रक्रियाविरहित असतं, म्हणून उन्हाने, हाताच्या तेलाने हळूहळू मधासारखा रंग धरतं, आणि म्हणूनच पावसाचा एकेक थेंब त्यावर काळा डाग सोडतो. थेंब पडला तर घासू नका, सुती कापड दाबून टिपा आणि सावलीत वाळू द्या. हाताला सॅनिटायझर लावला असेल तर तो पूर्ण वाळल्याशिवाय हँडलला हात लावू नका.

जुनी व्हिटॉन सेकंडहँड घेताना आतल्या खिशात बोट घालून पाच सेकंद दाबून धरा. चिकट लागलं तर अस्तर गेलेलं आहे. १९८०-९० च्या काही मॉडेल्सच्या खिशांचं कृत्रिम अस्तर दमट हवेत हळूहळू विघटित होतं आणि आपल्याकडे ते आणखी लवकर होतं. टाल्कम पावडरने चार दिवस बरं वाटेल, पण खरा उपाय एकच, अस्तर बदलणं. तो खर्च किमतीतून वजा करूनच सौदा करा.

शनेलची २.५५ ही बॅग फेब्रुवारी १९५५ ची, नावातच तारीख आहे. खांद्याला अडकवून हात मोकळे ठेवायची सोय कोको शनेलने या बॅगेच्या चेनमधून दिली. आज २.५५ म्हणून मिळणाऱ्या बॅगेची चेन पूर्ण धातूची असते आणि कुलूप साधं आयताकृती. एकमेकांत गुंफलेल्या दोन इंग्रजी ‘सी’ अक्षरांचं कुलूप आणि चामडं ओवलेली चेन ही शनेलच्याच क्लासिक फ्लॅप या बॅगेची ओळख, डिझायनर कार्ल लागरफेल्डच्या १९८० च्या दशकातली. पावसाळ्यात ही ओवलेली चेनच आधी बिघडते. कड्यांमध्ये घाम साचतो आणि पट्टी काळी पडते. दर वापरानंतर कोरड्या मलमलीने कडी-कडी पुसा. ठेवताना चेन मलमलीत गुंडाळून बॅगेच्या आत सरकवा, नाहीतर कड्यांचे खळगे कोकराच्या मऊ चामड्यावर कायमचे उमटतात. या चामड्याला अल्कोहोल लागलं तर रंगच निघतो. कॅव्हियर, म्हणजे दाणेदार वासराचं चामडं, बरंच सोशिक. आपल्या हवेत रोज वापरायला शनेल घ्यायची असेल तर कॅव्हियरच घ्यावी.

एर्मेसची केली बॅग १९५६ मध्ये अभिनेत्री ग्रेस केलीच्या छायाचित्रामुळे गाजली, पण हे नाव बॅगेला अधिकृतपणे १९७७ मध्ये मिळालं. त्यांचीच बर्किन बॅग १९८४ ची. जिच्यावरून हे नाव पडलं त्या अभिनेत्री-गायिका जेन बर्किनची मूळ बॅग जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ८६ लाख युरोंना गेली. दोन्हींची शिवण हाताची असते. एकाच मेण लावलेल्या दोऱ्याची दोन टोकं, दोन सुया, प्रत्येक छिद्रातून दोन्ही बाजूंनी टाका. एक टाका तुटला तरी शेजारचे उसवत नाहीत, म्हणून घाईने मशीनवर शिवून घेऊ नका. मशीनची शिवण तशी टिकत नाही आणि नवी छिद्रं चामडं कमजोर करतात. गुळगुळीत बॉक्स चामड्यावर पावसाच्या थेंबांचे फोड येतात, ती बॅग सप्टेंबरपर्यंत घरातच बरी.

प्राडाच्या नायलॉन बॅगांची फारशी चिंता नको, चामड्याच्या कडा तेवढ्या बघा.

एवढं करूनही पांढरी बुरशी दिसलीच, तर ती बॅग लगेच बाकीच्यांपासून वेगळी करा. मास्क लावून बाल्कनीत न्या, मऊ कोरड्या ब्रशने झटका, मग किंचित ओलसर फडक्याने पुसा. फडकं दर वेळी नव्या घडीने धरा, नाहीतर बुरशीच पसरते. पंख्याखाली सावलीत चोवीस तास ठेवा. ऊन किंवा हेअर ड्रायर नको, चामडं आखडतं आणि कडांचा लेप तडकतो. दाणेदार चामड्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं चालतं, पण आधी बॅगेच्या झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात लावून पाहा. डस्ट बॅग, म्हणजे बॅग ठेवायची कापडी पिशवी, गरम पाण्यात धुवा, कप्पा पुसून कोरडा करा. आठवडाभर पुन्हा बुरशी आली नाही तरच ती बॅग कपाटात परत जाऊ द्या.