जुन्या शेतघराचं स्वयंपाकघर नवं करताना आधी भिंत ओळखा

ओटा, कपाटं, टाइल्स ठरवण्याआधी भिंत कशाची आहे ते पाहा. जुनी दगड-विटांची घरं बहुधा चुन्यात किंवा मातीत बांधलेली असतात. अशी भिंत ओल शोषते आणि हळूहळू बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा प्लॅस्टिक पेंट दिला की ओल आतच कोंडते. मग पोपडे सुटतात, क्षार फुलतात आणि भिंतीत शिरलेल्या तुळयांची टोकं कुजू लागतात. स्वयंपाकघरात वाफ असल्याने हे आणखी लवकर होतं.

म्हणून दुरुस्ती चुन्याच्याच गिलाव्याने करा आणि वर चुन्याची सफेदी द्या. हा गिलावा सावकाश घट्ट होतो. कंत्राटदार घाई करेल, पण ऐकू नका. टाइल्स फक्त ओट्यामागे, पाणी उडतं तेवढ्याच जागी लावा. कपाटांमागे दोन-तीन सेंटीमीटर हवा खेळू द्या. जमीन उंचसखल असेल तर ती फोडण्याऐवजी कपाटांना कमी-जास्त करता येणारे पाय लावा.

जुना रंग मात्र कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. आधी तपासून घ्या.