कुसळ काढायला निघालात? मग या चुका टाळा

तरुण संघाचा बायबल अभ्यास मी बरीच वर्षं घेतो आहे. येशूचं पर्वतावरील प्रवचन वाचताना मत्तयाचा ७वा अध्याय आला की दरवेळी त्याच चुका, त्याच आत्मविश्वासाने. म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

पहिल्या वचनावरच थांबणं. 'दोष काढू नका' एवढंच पाठ असतं, आणि तेही कुणी आपल्याला बोललं की आठवतं. पाचव्या वचनापर्यंत वाचा. आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असं येशू म्हणतो. म्हणजे कुसळ काढायचं आहेच, फक्त नंतर. त्याच अध्यायात पुढे खोट्या संदेष्ट्यांना फळांवरून ओळखा असंही सांगितलंय. डोळे मिटून बसलात तर फळं दिसणार कशी?

चहाडीला 'प्रार्थनेचा विषय' म्हणणं. ही माझ्या डोक्यात जाणारी चूक. ओळखीच्या एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, घडलेलं सांगतो. एक काका रविवारच्या उपासनेला दिसेनासे झाले. घरगुती प्रार्थनासभा संपल्यावर चहाच्या वेळी एक मावशी म्हणाल्या, "त्यांना प्रार्थनेत ठेवा हं. मुलगा पितो म्हणे, डोळे लाल असतात त्याचे." रात्रीपर्यंत हे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, हात जोडलेल्या चित्रांसकट. नुकताच बाप्तिस्मा झालेल्या एका उत्साही पोराने तर दारूवरची नीतिसूत्रं गोळा करून पीडीएफ केली आणि थेट त्या घरी पाठवली. सहा महिन्यांत सगळं बायबल कळलेली ही जमात मला सर्वांत धोकादायक वाटते.

खरं काय होतं? काकांची कंपनी बंद पडली होती आणि पिंपरीत वॉचमनची नोकरी मिळाली होती, रविवारी ड्युटी. मुलगा हिंजवडीत नाइट शिफ्ट करत होता. डोळे लाल होणार नाहीत तर काय! ते कुटुंब पुन्हा त्या मंडळीत आलं नाही. काका एवढंच म्हणाले, "एवढ्या लोकांनी प्रार्थना केली, पण दारावरची बेल एकानेही वाजवली नाही."

माझी सवय सांगतो. कुणी असा विषय काढला की मी विचारतो, "हे इथे सांगू का, असं त्यांना विचारलंत?" उत्तर बहुधा येत नाही. नाव न घेताही प्रार्थना होते. देवाला पत्ता माहीत असतो. आणि दोष खरंच असला तर मत्तय १८:१५ आहेच: आधी एकट्याने जा, दोघांतच बोल. त्यात ग्रुप अ‍ॅडमिनचा उल्लेख नाही.

दुसऱ्याच्या ताटात डोकावणं. १८९० साली पुण्यात गुरुवार पेठेतल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहापान झालं आणि तिथे गेलेल्या रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आलं, प्रायश्चित्ताची वेळ आली. आपली माणसं हा किस्सा हसत हसत सांगतात. तीच माणसं गणपतीत आपल्यापैकी कुणी शेजाऱ्याकडे मोदक खाल्ला याची नोंद डिसेंबरपर्यंत ठेवतात! मूर्तीला वाहिलेलं खावं का, हा प्रश्न प्रेषित पौलाने सोपा करून टाकलेला नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राचे ८वा आणि १०वा हे दोन्ही अध्याय वाचा. मूर्ती काहीच नाही असंही तो म्हणतो, आणि दुबळ्या भावाला ठेच लागेल असं खाऊ नका असंही. रोमकरांस १४मध्ये मात्र दोघांनाही दटावलंय: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये. मी स्वतः प्रसाद घेत नाही. पण घेणाऱ्याच्या तारणाचा, म्हणजे उद्धाराचा, हिशोब माझ्याकडे दिलेला नाही.

योहान ८ अर्धाच सांगणं. व्यभिचारात धरलेल्या बाईला दगड न मारताच लोक निघून गेले, इथे गोष्ट संपत नाही. येशू तिला 'मीही तुला दोषी ठरवत नाही' म्हणतो. आणि 'यापुढे पाप करू नकोस' हेही तिथेच आहे. एक गट पहिलं विसरतो, दुसरा दुसरं.

परूशी म्हणजे शेजारच्या बाकावरचा. लूक १८मध्ये एक परूशी, म्हणजे कर्मठ यहुदी, 'मी इतरांसारखा पापी नाही' अशी प्रार्थना करतो. ते वाचून 'देवा, मी त्या परूश्यासारखा नाही' असं वाटलं, तर पुन्हा वाचा.

बाहेरच्यांना झोडपणं. बाहेरच्यांचा न्याय करणं माझ्याकडे कुठे आहे, असं पौल विचारतो (१ करिंथ ५:१२). तरी आपल्या उपदेशांत निम्मा वेळ जगाचं पाप आणि मंडळीच्या हिशोबवहीवर अवाक्षर नाही.

चूक होऊन गेली असेल तर? ज्या ग्रुपवर टाकलंत त्याच ग्रुपवर माफी मागा. खासगीत 'सॉरी, गैरसमज झाला' पाठवणं हा शॉर्टकट चालत नाही, कारण बदनामी खासगीत झालेली नसते. 'कुणाचं मन दुखावलं असल्यास' हे शब्दही गाळा. नाव घेऊन बदनामी केलीत, तर माफीही नाव घेऊनच. मग त्यांच्या घरी जा, आणि जाताना पीडीएफ नेऊ नका.