शाळा सुटल्यापासून आई येईपर्यंत

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे आणि अधूनमधून फिट येते. त्याची शाळा साडेतीनला सुटते, मी साडेसहाला पोचते. मधल्या तीन तासांसाठी चार वर्षांत आमची तीन ठिकाणं झाली. तुमचीही अशी शोधाशोध चालू असेल, तर माझे हेलपाटे तुमच्या उपयोगी पडावेत म्हणून हे लिहितेय.

सुरुवातीला मी फोनवरच विचारायचे, "मूल स्पेशल आहे, घ्याल का?" एका पाळणाघरात 'ऑटिझम' शब्द ऐकला आणि माझं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. दुसरीकडच्या बाई म्हणाल्या, "हो हो, आम्हाला सगळी मुलं सारखीच." चौथ्या दिवशी दुपारी फोन, येऊन घेऊन जा. तेव्हापासून इतक्या झटकन आलेल्या होकाराची मला नकारापेक्षा जास्त धास्ती वाटते. जी बाई आधी चार प्रश्न विचारते, तिच्यावर माझा विश्वास बसतो.

आता मी फोनवर फक्त भेटीची वेळ मागते. भेटल्यावर आजाराच्या नावाआधी त्याची दुपार सांगते. ऑटिझम आणि फिट दोन्ही त्याच बैठकीत सांगायचं, काही लपवायचं नाही. पण आधी समोरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे मूल उभं राहू द्यावं.

दुपार सांगायची म्हणजे मुख्यतः पहिला अर्धा तास सांगायचा. आपली मुलं शाळेत दिवसभर स्वतःला आवरून धरतात. घंटा, गोंगाट, धक्काबुक्की, सतत सूचना. सुटल्यावर ते सगळं बाहेर पडतं, आणि बहुतेक ठिकाणी गाडं अडतं ते इथेच. माझा मुलगा आला की बूट काढतो, टेबलाखाली शिरतो आणि भिंतीकडे तोंड करून पडतो. वीस-पंचवीस मिनिटं. मग आपला आपण बाहेर येऊन पाणी मागतो. त्याआधी कुणी लाडानंसुद्धा "कसा गेला दिवस?" विचारलं, तर कानांवर हात आणि किंचाळणं. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, "मुलं आल्या आल्या तुम्ही काय करता?" उत्तर 'हातपाय धुऊन लगेच अभ्यासाला बसवतो' असं आलं, तर मी विचारते, "याला अर्धा तास नुसतं पडू द्याल का?" विचार करून 'देऊ' म्हणणारी व्यक्ती मिळाली, की बाकीचं शिकवता येतं.

जागा बघायला मुलं असतात त्याच वेळी जा. सकाळी रिकामी खोली कुणाचीही शांत असते. आवाज किती घुमतो ते ऐका. दाराची कडी मुलाच्या हाताला येते का, हे स्वतः हात लावून बघा. नजर चुकवून निघून जाणारं मूल असेल तर याला पर्याय नाही. मुख्य बाई बाहेर गेल्या तर मागे कोण, तेही विचारा.

शोधायचं कुठे? जाहिरातींतून मला एकही चांगलं ठिकाण मिळालं नाही. शाळेतल्या विशेष शिक्षिका, स्पीच थेरपिस्ट, थेरपीच्या बाहेर बाकावर बसलेल्या इतर आया यांना विचारा. आमच्या सध्याच्या ताई पूर्वी शाळेत मदतनीस होत्या. हे विचारताना संकोचायचं कारण नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 1989च्या बालहक्क करारात नोकरदार पालकांच्या मुलांना सांभाळाच्या सोयींचा लाभ मिळावा असं कलम 18 मध्ये आहे, आणि अपंग मुलांच्या विशेष काळजीचा हक्क कलम 23 मध्ये. मला हे समजलं तेव्हा माझा आवाज थोडा मोठा झाला.

ठिकाण ठरलं, की एक कागद लिहून द्या. एकच पान, जास्त कुणी वाचत नाही. माझ्या कागदावर आहे: 'थांब' म्हटलेलं त्याला कळत नाही, 'आधी बूट, मग झोका' कळतं. ओठ चावायला लागला की गोंगाटातून बाजूला न्या. फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, तोंडात काहीही घालू नका, दाबून धरू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर ॲम्ब्युलन्स बोलवा, मग मला फोन. औषधाचं नाव आणि मात्रा डॉक्टरांच्या सहीनिशी. नुसता कागद देऊन निघू नका. कुशीवर कसं वळवायचं हे मी ताईंकडून उशीवर करून घेतलं.

पहिल्याच दिवशी तीन तास सोडू नका. आम्ही आधी माझ्यासोबत वीस मिनिटं, मग तो एकटा तासभर, असं दोन आठवडे वाढवत नेलं. दप्तराला चार चित्रांची पट्टी लावली: शाळा, गाडी, ताई, आई. आईच्या चित्राला तो वाटेत बोट लावून ठेवतो.

आणि घ्यायला गेल्यावर "त्रास दिला का?" असं विचारू नका. त्यावर 'नाही हो' एवढंच येतं. मी विचारते, "आज टेबलाखालून किती वाजता बाहेर आला?" ताई घड्याळाकडे न बघता सांगतात, "चार दहाला. पाणी प्यायला, आणि पेला स्वतः जागेवर ठेवला."